नवें बियाणें आणि शेजारधर्म

कोणतीही नवी विद्या शेतकऱ्याच्या बांधाशीं येऊन उभी राहिली, म्हणजे तिच्याविषयीं दोन पक्ष तेव्हांच पडतात. एक पक्ष तिला कामधेनु म्हणतो, तर दुसरा पूतना. जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या बाबतींत हेंच घडलें आहे. गेलीं पंचवीस वर्षें हा वाद आपल्याकडे चालू असून दोन्ही पक्ष एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत आहेत. हें बियाणें चांगलें कीं वाईट, हा तो प्रश्न. आमच्या मतें हा प्रश्नच अपुरा आहे. बियाणें पेरल्यापासून होणारा लाभ कोणाच्या पदरीं पडतो आणि त्यापासून होणारी हानि कोणाच्या शेतांत जाऊन उतरते, हें पाहिल्यावांचून त्याचा नैतिक निवाडा करतां येत नाहीं. प्रस्तुत लेखांत एवढीच एक गोष्ट मांडण्याचा आमचा हेतु आहे.

असा विचार अधांतरीं करण्यापेक्षां एखाद्या गांवचें शिवार पुढें ठेवून करणें बरें. म्हणून नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतां ज्यास अहिल्यानगर जिल्हा म्हणतात त्यांतील, प्रवरेकांठचें कोल्हार आम्ही येथें घेतों. भगवतीदेवीच्या देवळामुळें आणि नगर-मनमाड रस्त्यामुळें हें गांव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व वेगळें आहे. शेजारींच लोणी. तेथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० सालीं तेथें साखर निघूं लागली. दुसऱ्या बाजूस राहुरी. तेथें १९६८ पासून महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे. नदीच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यांत, कोंभाळणें हें गांव. तेथील राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी वाणांचें बीज जतन केलें, म्हणून २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. भांडवल, विज्ञान आणि परंपरा या तिहींचा शेतीशीं येणारा संबंध ज्या गांवास इतका जवळून पाहावयास मिळाला, त्या गांवास नव्या बियाण्याविषयीं कांहीं विचारण्याचा आणि कांहीं सांगण्याचाही अधिकार आहे.

प्रथम एक आक्षेप दूर करूं. जनुकांत हात घालणें हें सृष्टिक्रमाविरुद्ध आहे, म्हणून तें पाप होय, असें कित्येक सज्जन म्हणतात. त्यांनीं कोल्हारच्या शिवारांतील ऊस पाहावा. दक्खनचा जुना ऊस म्हणजे पुंड्या. तो आतां नांवापुरता उरला आहे. कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊस-पैदाशीचें केंद्र निघालें. तेथें बार्बर व वेंकटरामन यांनीं जाड, गोड उसाचा संकर रानटी कांसाशीं लावला आणि काटक जाती निर्माण केल्या. पुढें दक्खनच्या कालव्यांवर गाजलेले को ४१९ व को ७४० आणि हल्लींचा को ८६०३२ हे सारे त्याच घराण्यांतले. भुईमुगाचा टॅग २४ हा वाण तर तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रांतून आलेला. त्याच्या पूर्वजांचें बीज क्ष-किरणांखालीं ठेवून बदललेलें होतें. तो पेरतांना कोणाचेंही मन कचरलें नाहीं. मनुष्य शेती करूं लागला त्या दिवसापासून तो पिकांच्या वंशांत ढवळाढवळ करीतच आला आहे. जंतूचें जनुक वनस्पतींत नेणें ही उडी मात्र पूर्वीच्या संकराहून फार लांबची आहे, हें आम्ही मान्य करतों. परंतु उडी लांबची आहे यावरून सावधपणा बाळगावा एवढेंच सिद्ध होतें. ती पापाची आहे असें ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप विषाचा. बीटी पिकांत जें जनुक घातलेलें असतें तें मातींतल्या एका सूक्ष्म जंतूचें असतें. त्या जनुकामुळें झाडांत एक प्रथिन तयार होतें. अळीच्या आंतड्यांतील रस अल्कधर्मी असतो, आणि त्या प्रथिनाला चिकटण्यास योग्य अशी जागा तिच्या आंतड्यांत असते. म्हणून तें तिला मारक ठरतें. माणसाच्या पोटांत यांपैकीं कांहींच नसतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें २०१६ सालीं या विषयाचा विस्तृत आढावा घेतला. बाजारांत असलेलीं असलीं अन्नें इतर अन्नांपेक्षां अधिक धोक्याचीं आहेत, असा सबळ पुरावा तिला आढळला नाहीं. त्याच आढाव्यांत असेंही नमूद आहे कीं, या बियाण्यांमुळें त्या देशांतील पिकांच्या उत्पन्नवाढीचा वेग वाढल्याचें दिसत नाहीं. म्हणजे भीति जशी अतिशयोक्त, तशी जाहिरातही अतिशयोक्त. शिवाय आपल्याकडे सरकीचें तेल कित्येक स्वयंपाकघरांत आणि सरकीची पेंड गोठ्यांत बीटी कापसापासूनच येत आहे. प्रत्येक नवें बियाणें स्वतंत्रपणें तपासलेंच पाहिजे, कारण एक निर्दोष ठरलें म्हणून दुसरें आपोआप निर्दोष ठरत नाहीं. परंतु एकंदर जातीलाच विष म्हणून हिणवणें सत्यास धरून नाहीं.

मग काळजीचें कारण उरतच नाहीं काय? उरतें, आणि तें कोठें आहे हें समजण्यासाठीं प्रवरेच्या कालव्यांचा इतिहास पाहावा लागतो. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. दुष्काळी मुलखांत पाणी आलें, ऊस आला, पैसा आला. परंतु थोड्याच काळांत दक्खनच्या कालव्यांखालील मुलखांत ठिकठिकाणीं जमिनी उपळूं लागल्या, आणि नीरा, गोदावरी व प्रवरा या तिन्ही कालव्यांवर पांढरें मीठ वर येऊन काळ्या रानाचें चोपण होऊं लागलें. हें घडतें कसें तें पाहण्यासारखें आहे. पाणी भरपूर देतो तो वरच्या अंगाचा बागाईतदार. जमिनींतून पाझरत जाऊन तें साचतें खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या रानांत. उसाचें बिल एकाच्या नांवावर येतें आणि मीठ दुसऱ्याच्या शेतांत फुटतें. पाणी हें वाईट नव्हतें, ऊसही वाईट नव्हता. लाभ आणि हानि यांचे मालक निरनिराळे होते, आणि हानि पुढच्या पिढीपर्यंत पुरणारी होती, हें वाईट होतें. त्यावर उपाय झाले ते पाटबंद करून झाले नाहींत. चर खणून, पाण्याच्या पाळ्या ठरवून आणि मोजून पाणी देऊन झाले. जो कोणी पाट फोडून पाळी मोडतो, त्यास गांव चोर म्हणतें. तो स्वतःच्या शेतासाठींच पाणी घेतो, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु तें पाणी त्याच्या एकट्याचें नसतें.

नव्या बियाण्याचें सामर्थ्यही असेंच सामाईक आहे, ही गोष्ट कापसानें आपणांस दाखवून दिली. बीटी कापसास केंद्र सरकारनें २००२ सालीं परवानगी दिली. पहिलीं कांहीं वर्षें बोंडअळी हटली, फवारण्या कमी झाल्या, आणि एका तपाच्या आंत देशाचें कापसाचें उत्पन्न दुपटीहून अधिक झालें. त्याचें सारें श्रेय एकट्या बियाण्याचें नसलें, तरी त्याचा वांटा मोठा होता. नगर जिल्ह्याच्या पूर्वभागांत, शेवगांव-पाथर्डीकडेही हें बियाणें घरोघर पोंचलें. परवानगी देतांना मात्र एक अट घातलेली होती. बीटी कापसाभोंवतीं साध्या कापसाच्या निदान पांच ओळी किंवा क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल तेवढें, पेरावें. आणि त्यासाठीं ४५० ग्रॅम बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची निराळी पुडी मिळत असे. या अटीमागील तत्त्व सोपें आहे. लाखों अळ्यांत एखादी अळी अशी निघते कीं जिला बीटीचें विष बाधत नाहीं. तिचा पतंग झाल्यावर त्याची गांठ साध्या ओळींत वाढलेल्या पतंगांशीं पडली, तर त्यांची संतति बहुधा पुन्हां विषाला बळी पडते. साध्या ओळीच नसल्या, तर वांचलेले पतंग आपसांतच मिळतात आणि विषाला न जुमानणारी प्रजा वाढत जाते. म्हणजे अळीचें दुबळेपण हेंच खरें धन, आणि तें राखण्यासाठीं प्रत्येकानें थोडें पीक अळीच्या तोंडीं देण्याची तयारी ठेवावयाची.

ही तयारी फारच थोड्यांनीं ठेवली. साध्या बियाण्याची पुडी पुष्कळांनीं फेकून दिली. त्या पुडींतलें बियाणें धड उगवतही नाहीं, अशीही तक्रार होती. अट घालणाऱ्या सरकारनें ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहिलें नाहीं. त्यांत भर पडली फरदडीची. हंगाम संपला तरी कापूस शेतांत उभा ठेवल्यामुळें गुलाबी बोंडअळीस उन्हाळ्यापर्यंत खाणें मिळत गेलें. विक्रेत्यांनीं २००६ सालीं दोन जनुकांचें बियाणें आणलें, तरी परिणाम तोच झाला. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कापसाचीं बोंडें गुलाबी बोंडअळीनें पोखरलीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसएक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. ज्या बियाण्यानें फवारणी कमी व्हावयाची, त्याच पिकांत हें घडलें.

यावरून कोणी म्हणेल कीं, बियाणेंच फसवें होतें. परंतु अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याचा अनुभव याच्या उलट आहे. तेथें हीच अळी होती आणि बियाणेंही याच जातीचें होतें. तेथील कापूसवाल्यांनीं १९९६ पासून साध्या कापसाचें क्षेत्र नेमानें राखलें. पुढें सर्वांनीं मिळून नपुंसक केलेले पतंग सोडण्याची योजना हातीं घेतली. २०१८ सालीं गुलाबी बोंडअळीचें निर्मूलन झाल्याचें त्या देशाच्या कृषिखात्यानें जाहीर केलें. तेथील शेतें मोठीं आणि शेतकऱ्यांची संख्या लहान, हें खरें. तेथें संघटना करणें सोपें गेलें असेल. तरीही बियाण्याचा गुण किती दिवस टिकेल, हें प्रयोगशाळेइतकेंच शेजाऱ्याशेजाऱ्यांतील वागणुकीवर ठरतें, एवढें यांतून निश्चित दिसतें.

येथपर्यंत वाचून बंदीवाल्या पक्षास आनंद होण्याचें कारण नाहीं. कारण बंदीचाही कोणी तरी बळी असतो. वांग्याचें उदाहरण घ्या. शेंडे व फळें पोखरणारी अळी वांग्याच्या आंत शिरून बसते. तिला मारण्यासाठीं शेतकरी हंगामभर पुन्हां पुन्हां फवारतो, आणि तें वांगें दोन-तीन दिवसांत बाजारांत येतें. जालन्याच्या महिको कंपनीनें बीटी वांगें तयार केलें, आणि २००९ च्या ऑक्टोबरांत तज्ज्ञ-समितीनें त्यास मान्यता दिली. तेव्हांचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीं नागपुरासह सात शहरांत लोकांचें म्हणणें ऐकून ९ फेब्रुवारी २०१० रोजीं त्यास स्थगिती दिली. वांग्याचे नानाविध वाण याच भूमींत वाढलेले आहेत, त्यांत हें जनुक मिसळल्यास परत काढतां येणार नाहीं, आणि तपासणी विक्रेत्याच्याच कागदांवर अवलंबून आहे, हीं कारणें विचारांत घेण्यासारखींच होतीं. परंतु स्थगिती म्हणजे निर्णय नव्हे. राहिलेल्या तपासण्या त्रयस्थाकडून करवून घेऊन प्रश्न धसास लावावयास हवा होता. तसें न होतां वर्षांमागून वर्षें गेलीं. शेजारच्या बांगलादेशांत २०१४ पासून तेंच वांगें शेतांत आहे, आणि तेथें फवारण्या कमी झाल्याचें पाहण्यांत आढळलें आहे. इकडे फवारणीचा पंप पाठीवर घेणारा गडी तसाच विषांत भिजत राहिला. निर्णय न घेणाऱ्यानें कोणाचें नुकसान केलें नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. त्यानें केलेलें नुकसान फक्त कोणाच्या नांवावर लिहिलें जात नाहीं. सरकारच्या धोरणांतील विसंगति तर २०२१ च्या ऑगस्टांत उघड झाली. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं बारा लाख टन सोयापेंड परदेशांतून आणण्यास परवानगी मिळाली, आणि ती पेंड जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची होती. जें बियाणें पेरण्यास नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास मनाई, त्याच बियाण्याच्या पेंडीशीं त्याच्या सोयाबीननें बाजारांत झुंजावयाचें, असा हा न्याय झाला.

म्हणून शेतकऱ्यांतील एका वर्गाचा संयम सुटला, यांत नवल नाहीं. १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेनें तणनाशकाला न जुमानणारा कापूस आणि बीटी वांगें उघडपणें लावलें. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें यास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकत होती. आपलें रान आपलें, आपलें बियाणें आपण निवडूं, हा त्यांचा दावा. या दाव्यांत जें स्वाभिमानाचें तेज आहे, त्याविषयीं आम्हांस आदर आहे. शेतकरी अज्ञानी आहे असें गृहीत धरून त्याच्या वतीनें दिल्लींत कोणी तरी भ्यावें, हें त्यास अपमानास्पद वाटणें साहजिक आहे. परंतु रान आपलें असलें तरी वारा, पराग आणि पतंग हे आपले नसतात. चोरून आणलेल्या बियाण्याचा तर कोणीच धनी नसतो. तें फसलें तर दाद कोणाकडे मागावयाची? आणि तणनाशकाच्या कापसाचा आणखी एक हिशेब आहे. खुरपणीचा खर्च वांचला म्हणजे शेतकरी तरतो हें खरें. पण तो खर्च म्हणजेच गांवांतील भूमिहीन बायांची मजुरी होय. मजूर मिळत नाहींत अशी शेतकऱ्याची अडचण खोटी नाहीं. तरी ज्या बाईचें खुरपें गेलें तिला या निर्णयांत कोणी विचारलें काय, हा प्रश्नही खोटा नाहीं.

बियाण्याच्या मालकीचीही गोष्ट अशीच. २००१ च्या पीकवाण-संरक्षण कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बियाणें राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापील नांवाशिवाय विकण्याचाही हक्क दिला आहे. हा हक्क मोलाचा आहे. पण बीटी जनुक आलें तें बहुतेक संकरित कापसांतूनच. आणि संकरित बियाणें पुढील वर्षीं तसेंच उतरत नाहीं. त्यामुळें हक्क कागदावर राहिला आणि दरवर्षीं दुकानाची पायरी चढणें आलें. राहीबाईंच्या घरांतील बियाण्यांच्या मडक्यांचें मोल येथें कळतें. त्या मडक्यांतील वाल किंवा भोपळा एकरीं उत्पन्नांत नव्या वाणास हरवील असें नाहीं. पण उद्यां नवें बियाणें फसलें, तर परत फिरण्याची वाट त्या मडक्यांतून जाते. जें राष्ट्र नवें पेरतें पण जुनें जपत नाहीं, तें मागचा पूल जाळून पुढें जातें. नवें पेरूंच नये असें यावरून निघत नाहीं. जपण्याचा खर्च मात्र नव्याच्या नफ्यांतून निघावा, हें न्यायाचें होईल.

या सर्वांवरून आमचें मत असें झालें आहे. नव्या बियाण्यास सरसकट हो किंवा सरसकट नाहीं म्हणणें हें विचार टाळणें होय. प्रत्येक बियाण्याबाबत चार प्रश्न विचारावेत. लाभ कोणास? हानि झाल्यास कोणास? ती हानि परत फिरवितां येईल काय? आणि जो हानि सोसणार, त्यास नको म्हणण्याची सोय आहे काय? या कसोटीवर बीटी वांगें आणि तणनाशक-सहिष्णु कापूस यांचीं उत्तरें सारखीं येणार नाहींत, येऊंही नयेत. वांग्यांत लाभ फवारणाऱ्यास व खाणाऱ्यास दोघांसही आहे, धोका मुख्यतः गांवठी वाणांत मिसळ होण्याचा आहे. कापसांत लाभ धन्यास आहे, आणि तोटा ज्यांस विचारलेंच जात नाहीं अशांस आहे. मोहरीच्या बाबतींत २०२४ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांतच मतभेद झाला. तेव्हां सामान्य माणसानें एका वाक्यांत निकाल देण्याची घाई करूं नये.

परंतु कसोटी नुसती राजधानींत लावून भागणार नाहीं. परवानगी दिल्ली देते, आणि अट मोडते ती गांवच्या शिवारांत. आज-उद्यां एखाद्या बियाण्यास परवानगी मिळाली, तर कोल्हारसारख्या गांवानें तें पेरण्यापूर्वीं आपसांत बसून ठरवावें कीं, साध्या पिकाचा पट्टा कोणी, कोठें आणि किती राखावयाचा. गांवठी वाणाचें बियाणें करणाऱ्याच्या शेतापासून किती अंतर सोडावयाचें. आणि नुकसान झाल्यास त्याची नोंद कोणी ठेवावयाची. एवढ्या गोष्टी ठरविण्यास मोठें विज्ञान लागत नाहीं. दोन एकरांच्या धन्यानें पांचवा हिस्सा अळीस कसा द्यावा, असें कोणी विचारील, आणि तें विचारणें रास्त आहे. एकट्यानें देऊं नये. शिवारानें मिळून द्यावा, आणि ज्याच्या रानांत पट्टा पडेल त्यास इतरांनीं भरपाई करावी. ऊस एकत्र करून कारखाना चालवितां येतो, हें महाराष्ट्रांत या मुलखानें सर्वांच्या आधीं करून दाखविलें. अळीसाठीं राखावयाचा पट्टा त्याहून अवघड नाहीं. फक्त त्याचा लाभ वजनकाट्यावर दिसत नाहीं, म्हणून तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

विद्यापीठांचें आणि सरकारचेंही कर्तव्य यांत आहेच. बियाण्याची तपासणी विक्रेत्यानें स्वतःच करावी आणि तिचा निकालही त्यानेंच सांगावा, ही रीत सोडली पाहिजे. राहुरीसारख्या विद्यापीठानें ती जबाबदारी घ्यावी आणि निकाल मराठींत गांवोगांव पोंचवावेत. परवानगी कायमची नसावी. ठराविक वर्षांनीं शिवारांतील अनुभव पाहून ती पुढें चालू ठेवावी अथवा काढून घ्यावी. आणि अट घातली तर ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास माणूस नेमावा. न पाहिलेली अट ही अट नसून लोकांस अट मोडण्याचें शिक्षण होय.

शेतकऱ्याचें स्वातंत्र्य आम्हांस प्रिय आहे. परंतु आपल्या भाषेनें स्वातंत्र्याबरोबर शेजारधर्म हाही शब्द घडविला आहे, आणि शेतीच्या व्यवहारांत त्याची गरज सर्वांत अधिक पडते. प्रवरेकांठच्या माणसास पाळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. नव्या बियाण्याच्या बाबतींत त्यानें तोच अर्थ पुढें चालवावा, आणि इतर महाराष्ट्रास दाखवून द्यावा. तसें झालें नाहीं, तर आज वांग्यावरून चाललेला वाद उद्यां दुसऱ्या पिकावरून चालेल, आणि त्याची किंमत पूर्वींप्रमाणेंच खालच्या अंगाचा शेजारी देईल.